नावातच किडा!

आमच्या विंगमध्ये रात्री दीड वाजता कॉरिडॉरमधून चक्कर मारली तर तीन प्रकारचे आवाज येतात. एक घोरण्याचा. दुसरा उद्याच्या सबमिशनसाठी जर्नल ‘छापणाऱ्यांच्या’ कुजबुजीचा. आणि तिसरा, कुठल्यातरी दाराआडून, लॅपटॉपवर चाललेल्या जपानी प्रेमकथेचा. हिरोईन स्टेशनवर उभी असते, चेरीची फुलं गळत असतात, हिरो काहीतरी सांगायचं ठरवून आलेला असतो आणि बारा एपिसोड संपले तरी सांगत नाही. आमचा एक रूममेट (थर्मोची केटी अजून सुटायची आहे) या प्रकाराचा इतका भक्त आहे की २०१९ मध्ये भारतातल्या पोरांनी सह्या गोळा करून ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या थिएटरात आणवला, ही गोष्ट तो स्वातंत्र्यलढ्यासारखी सांगतो.

एकदा पी.एल.मध्ये मी त्याला सहज विचारलं, की यांचे डोळे एवढे मोठे का असतात? त्याला सांगता आलं नाही. मी शोधायला लागलो आणि एका माणसापाशी येऊन अडकलो. पी.एल. गेली, पण हा लेख झाला.

त्या माणसाचं नाव ओसामू तेझुका. जपानमध्ये त्याला मांगाचा देव म्हणतात. (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्या हलायला लागल्या की अ‍ॅनिमे.) जन्म ३ नोव्हेंबर १९२८, ओसाकाजवळच्या तोयोनाका गावी. ३ नोव्हेंबर हा मेइजी सम्राटाचा जन्मदिवस, म्हणून ‘मेइजी’मधलं ‘जी’ हे अक्षर उचलून पोराला दिलं. तेच अक्षर ‘ओसामू’ असंही वाचतात. जपानी लिपीचा हा झोल आपल्याला कळायचा नाही, पण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तो पाच वर्षांचा असताना घर ताकाराझुकाला हललं आणि या गावाने त्याला घडवलं. गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं, रेल्वे लाइनच्या टोकाला. रेल्वेचा मालक इचिझो कोबायाशी. गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून त्याने तिथे घरात पोहायचा तलाव बांधला. तो साफ फेल गेला, पाणी फार गार पडायचं. मग पठ्ठ्याने तलावावर फळ्या टाकून त्याचं थिएटर केलं, मुलींची गाणारी मंडळी उभी केली आणि १९१४ मध्ये पहिला प्रयोग लावला. सिव्हिलवाल्यांनी याला काय म्हणायचं ते म्हणावं, पण ते थिएटर तुफान चाललं.

या मंडळीत सगळ्या भूमिका मुलीच करतात, राजपुत्राचीसुद्धा. आपल्याकडे बालगंधर्वांनी केलं त्याच्या बरोब्बर उलट. आणि त्या ‘राजपुत्रां’वर जीव टाकणाऱ्याही बहुतेक बायकाच. प्रयोग संपल्यावर कलावंतांच्या दाराबाहेर शिस्तीत रांग लावून थांबायचं, पत्र हातात द्यायचं, आपल्या लाडक्या नटीच्या नावाचा क्लब चालवायचा, हे तिथे वर्षानुवर्षं चालत आलं. २००५ मध्ये अकिहाबारात एकेबी-४८ हा मुलींचा ग्रुप सुरू झाला, सीडीबरोबर हात मिळवायचं तिकीट मिळायला लागलं आणि जगाला वाटलं जपान्यांनी नवीनच खूळ काढलं. नवीन कसलं? तेझुकाची आई त्याला बोटाला धरून त्या थिएटरात न्यायची तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, हे चालू होतं. शेजारीपाजारीही नट्याच राहायच्या. भडक दिव्यात मागच्या रांगेपर्यंत दिसावेत म्हणून रंगवलेले ते मोठ्ठे डोळे पोराच्या मनात बसले. त्यात भर पडली डिस्नीची. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता, त्यावर मिकी माऊस दिसायचा. डोळ्यांचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

शाळेत मात्र हाल होते. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, केस कुरळे, म्हणजे चिडवायला सगळं साहित्य तयार. पण हा चित्रं काढतो हे कळल्यावर पोरं गप्प झाली, उलट वही मागायला लागली. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं भराभर सोडली की ती पळतात, हा उद्योग आपण लेक्चरला करतो तो त्यानेही केला. दुसरा नाद किड्यांचा. भुंगेरे पकडायचे, टाचणीला लावायचे, त्यांची चित्रं हुबेहूब रंगवायची. त्यात त्याला एक भुंगेरा सापडला ज्याचं जपानी नाव ‘ओसामुशी’. आपलंच नाव! ‘मुशी’ म्हणजे किडा. या मुलाने आपल्या नावाच्या अक्षरापुढे किड्याचं अक्षर जोडून टाकलं. उच्चार ओसामूच, पण लिहिताना नावातच किडा. आपण एखाद्याला डोक्यात किडा आहे म्हणतो, या माणसाने तो सहीत घेतला आणि मरेपर्यंत मिरवला.

मग युद्ध आलं. शाळा सोडून पोरांना कारखान्यात कामाला लावलं. एप्रिल १९४५ मध्ये, अर्धं ओसाका जळून गेलेलं असताना, जवळपास रिकाम्या थिएटरात त्याने ‘मोमोतारो’ नावाचा जपानी कार्टूनपट पाहिला. नौदलाने काढून घेतलेला प्रचारपट होता तो, माकडं-अस्वलं सैनिक झालेली. पण त्यातली हलणारी चित्रं बघून सोळा वर्षांचा हा मुलगा रडला आणि आयुष्यात एकदा तरी असा सिनेमा काढायचाच असं ठरवलं. जूनमध्ये तो कारखान्याच्या टेहळणीच्या मनोऱ्यावर ड्यूटीला होता आणि बॉम्ब अगदी जवळ पडले. खाली उतरून नदीकाठी गेला तर प्रेतांचा खच. नंतरच्या त्याच्या कथांत शहरं पुन्हा पुन्हा जळतात.

त्याच वर्षी त्याने ओसाका विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला. घराण्यात डॉक्टरकी होतीच, शिवाय हातांना झालेला एक वाईट त्वचारोग एका डॉक्टरने बरा केला होता. म्हणजे नाईलाजाने घेतलेली सीट नव्हती. पण जानेवारी १९४६ मध्ये एका मुलांच्या वर्तमानपत्रात त्याची चार चौकटींची मालिका सुरू झाली, आणि १९४७ मध्ये ‘शिन ताकाराजिमा’ (नवं खजिन्याचं बेट) हे पुस्तक आलं. शिचिमा साकाई या ज्येष्ठ चित्रकाराबरोबर केलेलं, ओसाकाच्या स्वस्त, भडक मुखपृष्ठाच्या पुस्तकांपैकी एक. युद्धाने सगळं नेलेल्या त्या देशात ते चार लाखांच्या आसपास खपलं म्हणतात.

त्यात होतं काय? सुरुवातीला एक मुलगा गाडी घेऊन सुसाट निघतो. बस्स. पण ती गाडी लांबून, जवळून, समोरून, जणू कॅमेरा फिरतोय अशी दिसते. तोवरच्या बऱ्याचशा चित्रकथा म्हणजे नाटकाचा रंगमंच, माणसं डोक्यापासून पायापर्यंत उभी. याने चौकटीत सिनेमा घातला. ज्या पोरांनी ते वाचलं त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात दुसरं काही केलं नाही.

इकडे मेडिकल चालूच. पेशंटच्या कागदावर त्याचा चेहरा काढून ठेवतो असं हा स्वतःच सांगायचा. एका प्रोफेसरांनी त्याला डॉक्टर न होण्याचा सल्ला दिला, पेशंटच्या हितासाठी! शेवटी तो आईकडे गेला. आईने एवढंच विचारलं की यातलं तुला जास्त काय आवडतं? मांगा म्हणाला. मग तेच कर, असं तिने सांगून टाकलं. सन १९५० च्या आसपासची गोष्ट, लक्षात घ्या. आमच्या घरी आजही हा संवाद दुसऱ्या वाक्याला संपेल. तरी गड्याने १९५१ मध्ये डिग्री पूर्ण केली, पुढे डॉक्टरकीचं लायसन्सही काढलं. एवढंच काय, १९६१ मध्ये गोगलगायीच्या शुक्रपेशींवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काम करून नारा मेडिकलची डॉक्टरेट घेतली. रोज ढीगभर पानं काढत असताना! आमचे गाईड सर हे वाचत असतील तर त्यांनी कृपया मनावर घेऊ नये.

आता हॉस्टेल. १९५३ मध्ये तेझुका टोकियोत तोकिवा-सो नावाच्या लाकडी, दुमजली इमारतीत राहायला आला. साडेचार चटयांची खोली, म्हणजे आमच्या डबल सीटरपेक्षाही लहान. संडास आणि स्वयंपाकाचा ओटा सगळ्यांत मिळून. त्याच्यामागून एकेक जण तिथे यायला लागला, आणि हे सगळे कोण, तर त्याचे फॅन. त्यातली एक जोडी तोयामा प्रांतातली. दोघं शाळेपासूनचे दोस्त, तेझुकाला पत्र लिहून, त्याच्या ताकाराझुकाच्या घरी जाऊन त्याला आपली चित्रं दाखवून आलेले. ‘ते’ म्हणजे हात. या दोघांनी मिळून टोपणनाव घेतलं ते ‘आशि’ म्हणजे पाय घालून, आशिझुका! हातापर्यंत आपली मजल नाही, पायाशी जागा मिळाली तरी खूप. आपल्याला चरणरज वगैरे समजावून सांगावं लागत नाही. १९५४ मध्ये तेझुकाने खोली सोडली तेव्हा ती या दोघांना दिली, आणि त्यांच्या खिशात पैसे नाहीत हे ओळखून डिपॉझिट आणि टेबल तसंच मागे ठेवलं. पुढे त्यांनी नाव बदललं, फुजिको फुजिओ. त्यातल्या फुजिमोतोने १९६९ च्या डिसेंबरात ‘डोरेमॉन’ सुरू केलं. होय, तोच! २००५ पासून हिंदी बोलत आपल्या घराघरांत घुसलेला, ज्याच्या पायी तुमच्या धाकट्या भावाने जेवताना मार खाल्लाय, तो निळा बोका त्या डिपॉझिटवर उभा आहे. मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली, २०२० मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून संग्रहालय केलं. गळका नळ होता का, ते मात्र ठाऊक नाही.

देव असला तरी डेडलाइनच्या बाबतीत आपलाच माणूस! एका वेळी अनेक मासिकांची कामं अंगावर, कुणालाच नाही म्हणायचं नाही. संपादक त्याच्या दारात रात्र रात्र पहारा द्यायचे, आधी कुणाची पानं यावरून एकमेकांत भांडायचे. हा मागच्या दाराने पसार. शेवटी वैतागून त्यांनी त्याच्या नावाची मोडतोड केली, ‘ओसोमुशी’ म्हणजे उशीर करणारा किडा आणि ‘उसोमुशी’ म्हणजे थापाड्या किडा. सबमिशनच्या आदल्या रात्री हे दोन शब्द आमच्या विंगच्या दारावर लिहून ठेवायला हरकत नाही.

१९५३ मध्येच त्याने मुलींच्या मासिकात ‘रिबन नो किशी’ सुरू केलं. राजकन्या सफायर, जिच्यात मुलाचं आणि मुलीचं अशी दोन्ही हृदयं आहेत, गादीसाठी तिला राजपुत्र म्हणून वाढवलंय, आणि ती शेजारच्या राजपुत्राच्या प्रेमात पडते. तलवार, मुखवटा, नाच, हुरहूर. सरळसरळ ताकाराझुकाचा रंगमंचच. मुलींसाठी सलग मोठी प्रेमकथा सांगायची वाट इथून रुंद झाली. पुढच्या मंडळींनी, विशेषतः नंतर आलेल्या चित्रकार स्त्रियांनी, ते डोळे आणखी मोठे केले, त्यात चांदण्या टाकल्या. रूममेटच्या स्क्रीनवरच्या प्लॅटफॉर्मवाल्या हिरोईनचं मूळ गाव हे.

तेझुका स्वतः मात्र कायम फॅनच राहिला. ‘बांबी’ जपानमध्ये लागला तेव्हा त्याने तो ऐंशीहून जास्त वेळा पाहिल्याचं सांगतात. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याला साक्षात वॉल्ट डिस्नी दिसला. धावत जाऊन ओळख करून दिली, चार शब्द बोलला, आणि ती भेट आयुष्यभर पुरवली.

तोवर तो स्वतःच टीव्हीवर आला होता. १९५१-५२ पासून तो ‘शोनेन’ मासिकात अ‍ॅटम नावाच्या रोबो-मुलाची गोष्ट लिहीत होता. मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्यासारखा रोबो बनवतो, तो वाढत नाही म्हणून चिडून सर्कशीला विकतो. मांगातल्या कमाईवर तेझुकाने स्वतःचा स्टुडिओ काढला. नाव काय ठेवलं असेल? मुशी प्रॉडक्शन! १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर ‘तेत्सुवान अ‍ॅटम’ सुरू झालं, जपानमधली अर्ध्या तासाची पहिली साप्ताहिक अ‍ॅनिमे मालिका. अमेरिकेत तीच ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’. चार वर्षं, १९३ भाग.

इथे जरा थांबू, कारण खरी गोम इथे आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सने पळते. डिस्नीच्या तोडीचं हलवायचं तर सेकंदाला बारा ते चोवीस चित्रं हवीत. पंचवीस मिनिटांना बाराच धरली तरी अठरा हजार. दर आठवड्याला! अशक्य. तेझुकाच्या मंडळींनी एकेक चित्र तीन फ्रेम्स चालवलं, बोलताना फक्त तोंड हलवलं, उडणाऱ्या अ‍ॅटमचं तेच चित्र जपून ठेवून दर भागात वापरलं, स्थिर चित्रावर कॅमेरा सरकवला. काम दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी चित्रांत भागलं. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर जबरदस्त ऑप्टिमायझेशन. आजही अ‍ॅनिमेत पात्रं बराच वेळ नुसती बघत उभी राहतात आणि आपल्याला वाटतं केवढी ही भावना! त्यातली निम्मी भावना म्हणजे वाचवलेली चित्रं आहेत.

पण पैसे? भाग बनवायला जेवढा खर्च यायचा त्याहून बऱ्याच कमी पैशांत त्याने तो चॅनेलला दिला. चॅनेल घाबरू नये आणि दुसऱ्या कुणाला त्या भावात शिरता येऊ नये, असा हिशोब. खड्डा भरायचा तो मेइजी कंपनीच्या चॉकलेटबरोबरच्या अ‍ॅटमच्या स्टिकर्सनी, खेळण्यांच्या हक्कांनी, अमेरिकेच्या विक्रीने आणि त्याच्या स्वतःच्या मांगाच्या मानधनाने. मालिका तुफान चालली, प्रेक्षकसंख्या चाळीस टक्क्यांच्या वर गेली. आणि तो भाव गळ्यात पडला. मागून आलेल्या स्टुडिओंना तसल्याच भावात काम करावं लागलं. चित्रं काढणारी पोरं रात्र रात्र जागून अर्धपोटी काम करतात ही जपानी अ‍ॅनिमेची जुनी तक्रार आजही मिटलेली नाही. १९८९ मध्ये तेझुका गेल्यावर सगळे गोडवे गात असताना हायाओ मियाझाकीने हेच उघड लिहिलं, की मांगातलं त्याचं थोरपण मान्य, पण अ‍ॅनिमेशनमध्ये याने पाडलेला पायंडा वाईट. काही अभ्यासक म्हणतात सगळं खापर एकट्यावर फोडू नका, बाकीच्यांनाही नाही म्हणता आलं असतं. माझं मत विचाराल तर मियाझाकी बरोबर आहे. स्वतःच्या खिशातून पैसे घालून काम करणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुम्ही फुकटात केलेल्या कामाचा दर शेजारच्याला लागतो. कॉलेजच्या फेस्टसाठी फुकट पोस्टर डिझाईन करणाऱ्यांना हे पटेल.

१९६७ मध्ये त्याने ‘कॉम’ नावाचं मासिक काढलं, नवशिक्यांसाठी. ‘हि नो तोरि’, म्हणजे अग्निपक्षी, ही त्याची सगळ्यात मोठी कथा त्यात चालायची. त्याच मासिकात त्याचा एक जुना फॅन शोतारो इशिनोमोरी ‘जुन’ नावाची, जवळपास शब्दांशिवायची, सुंदर मालिका काढत होता. हा तोच इशिनोमोरी, ज्याला शाळेत असतानाच तेझुकाने तार करून मदतीला बोलावलं होतं. आणि तेझुका जळला! एका वाचकाला पत्र लिहून कळवलं की ही काही मांगा नव्हे. ते इशिनोमोरीपर्यंत गेलं, त्याने मालिका बंद करायची ठरवली. तेव्हा मांगाचा देव स्वतः त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि आपण असं का केलं ते आपल्यालाच कळत नाही म्हणत माफी मागून आला. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या पारितोषिकांपेक्षा जास्त आवडतो.

‘कॉम’मध्ये वाचकांच्या मंडळांसाठी खास पानं असायची. कोण कुठल्या गावात काय काढतंय ते एकमेकांना कळायचं. मासिक बंद पडलं, पण पोरं जमायची थांबली नाहीत. त्यांच्यातल्याच काहींनी २१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत एक हॉल घेऊन स्वतः छापलेल्या चित्रकथांचा बाजार भरवला, कॉमिक मार्केट. ३२ मंडळं, सातशेच्या आसपास माणसं, बहुतेक शाळा-कॉलेजच्या मुली. २०१९ च्या हिवाळ्यात त्याच बाजाराला चार दिवसांत साडेसात लाखांची गर्दी होती. तिथल्या गर्दीला चिडवायला १९८३ मध्ये ‘ओताकू’ हा शब्द छापला गेला. मूळ अर्थ ‘आपलं घर’, म्हणजे अदबीचं ‘आपण’. ही पोरं एकमेकांशी असं फार अदबीने बोलतात म्हणून! आमचा रूममेट हा शब्द टी-शर्टवर घालून मेसमध्ये येतो.

तेझुकाचे दिवस मात्र फिरले होते. नवे चित्रकार आले, काळ्याकुट्ट, हाणामारीच्या गोष्टी आल्या, हा जुना वाटायला लागला. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं निघालं. कर्ज डोक्यावर, घर गेलं. त्या नोव्हेंबरात ‘शोनेन चॅम्पियन’च्या संपादकाने त्याला चार-पाच भागांची जागा दिली. म्हाताऱ्याला शेवटचा निरोप नीट द्यावा म्हणून, असं सांगतात. वय वर्षं ४५. त्या जागेत त्याने आणला ‘ब्लॅक जॅक’, लायसन्स नसलेला सर्जन, श्रीमंतांकडून अफाट पैसे उकळणारा आणि मेडिकलच्या साऱ्या व्यवस्थेला तोंडावर सुनावणारा. मेडिकलची ती वर्षं अशी कामाला आली. चार-पाच भागांची मालिका वर्षानुवर्षं चालली.

याच काळात, १९७२ ते १९८३, त्याने ‘बुद्ध’ लिहिलं. कपिलवस्तू, मगध, कोसल, आपली नावं, आपली झाडं, आणि मधेच एखादा अ‍ॅनाक्रॉनिस्टिक विनोद. काही महत्त्वाची पात्रं त्याने स्वतः घातली आहेत, तेव्हा इतिहास म्हणून वाचू नका. इंग्रजी भाषांतराला २००४ आणि २००५ मध्ये आयस्नर पारितोषिक मिळालं. अमर चित्र कथा वाचून मोठे झालेल्यांनी पहिला खंड उघडावा आणि पंधरा पानांनंतर ठेवून दाखवावा.

एकूण दीड लाखाच्या आसपास पानं काढली या माणसाने. १९८८ मध्ये पोटाचं दुखणं बळावलं. कॅन्सर होता. त्याला तसं सांगितलं नाही, तेव्हा जपानमध्ये पेशंटला सांगायची पद्धत नव्हती. तो स्वतः डॉक्टर होता, तेव्हा काय ओळखलं असेल ते असेल. हॉस्पिटलच्या कॉटवर बसून एकाच वेळी तीन कथा चालू होत्या. शुद्ध येई-जाई तेव्हाही पेन्सिल मागायचा, काम करू द्या म्हणून हात जोडायचा. ९ फेब्रुवारी १९८९ ला तो गेला. वर्तमानपत्रांना वाटलं वय ६२, कारण फार कोवळा वाटू नये म्हणून त्याने तरुणपणी जन्मसाल १९२६ सांगितलं होतं आणि तेच चालू ठेवलं होतं. खरं वय ६०.

त्या तीनपैकी एक होती ‘निओ फाउस्ट’. तिची शेवटची पानं शाई न लागता, पेन्सिलच्या भराभर ओढलेल्या रेघांतच राहिली. माणसांना चेहरे नाहीत, नुसते गोल.